ऑफसेट स्मोकरवर मांस शिजवायला शिकताना: आधी जाळ, मग मसाला

इथे टेक्ससमध्ये घर घेतलं आणि मागे अंगण मिळालं, की कधी ना कधी तिथे काळा लोखंडी ऑफसेट स्मोकर, म्हणजे बाजूला लाकडाचा जाळ करून त्याच्या धुरात आणि धगीत मांस शिजवायची भट्टी, येऊन उभा राहतो. पहिल्या खेपेला मांस कडू होतं. दुसऱ्या खेपेला बाहेरून काळं आणि आतून चिवट राहतं. तिसऱ्या खेपेनंतर स्मोकरवर ताडपत्री पडते. ओळखीच्या लोकांचे मला फोन येतात, त्यातला पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: मसाला कुठला लावायचा? मसाल्याने काही बिघडलेलं नसतं. जाळ कोंडलेला असतो.

चुलीवर जाळ कमी करायचा तर आपल्याकडे लाकूड मागे ओढतात. चुलीचं तोंड झाकून कोणी जाळ कमी करत नाही, कारण तसं केलं की लाकूड धुमसतं, घरभर धूर होतो आणि भाकरीलाही धुराचा वास लागतो. ऑफसेट स्मोकरला नेमका हाच नियम लागू आहे. तरीही तापमान चढलं की माणूस पहिल्यांदा हवेची झडप बंद करतो, कारण गॅसची सवय लागलेला हात बटण शोधतो. या लेखातलं एवढं एकच ध्यानात राहिलं तरी तुमचं मांस सुधारेल: जाळ लहान ठेवा, हवा मोकळी ठेवा.

खाली दिलेला क्रम मोडू नका. बहुतेक जण थेट पाचव्या टप्प्यापासून सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात.

टप्पा १: जागा आणि यंत्र

ऑफसेट स्मोकरचे तीन भाग असतात. बाजूला खालच्या अंगाला लाकूड जाळायची पेटी, म्हणजे फायरबॉक्स. त्याला जोडलेलं मांस ठेवायचं आडवं पिंप. आणि दुसऱ्या टोकाला चिमणी. फायरबॉक्सला आणि चिमणीला हवा कमी-जास्त करायची एकेक झडप असते. जाळाची गरम हवा आणि धूर पिंपातून आडवा वाहत जाऊन चिमणीतून बाहेर पडतो. हा प्रवाह अखंड चालू ठेवणं हेच तुमचं काम.

स्मोकर घरापासून, कुंपणापासून आणि झाडाच्या फांद्यांपासून किमान दहा फूट लांब, सपाट आणि पक्क्या जमिनीवर ठेवा. लाकडी डेकवर नको. फायरबॉक्सचं तोंड मंद वाऱ्याच्या दिशेला असावं, म्हणजे वारा आत शिरेल आणि चिमणीकडून निघेल. वारा उलटा, चिमणीच्या बाजूने येत असेल तर जाळाला दिवसभर दम लागतो. वारा जोराचा असेल तर आडोसा करा, नाहीतर जाळ भडकत राहील.

सावध: गॅरेजमध्ये, दार उघडं ठेवूनही, स्मोकर पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. पाऊस आला तर मांस ओव्हनमध्ये हलवा, स्मोकर छपराखाली ओढू नका. उन्हाळ्यात तुमच्या काउंटीत आग पेटवण्यावर बंदी लागू आहे का, तेही आदल्या दिवशी बघून घ्या. घरांच्या सोसायटीचे नियम वेगळे असतात, तेही विचारा.

आता थर्मामीटर. झाकणावर बसवलेल्या गोल काट्यावर विश्वास ठेवू नका. तो झाकणाजवळची हवा मोजतो आणि मांस जाळीवर असतं. दोन्हींत ५० अंश फॅरनहाइटचा फरक मी स्वतः पाहिलेला आहे. दोन सळ्यांचं डिजिटल थर्मामीटर घ्या: एक सळई जाळीवर, मांसापासून दोन-तीन इंच लांब, आणि दुसरी मांसात. वापरण्याआधी दोन्ही उकळत्या पाण्यात बुडवून बघा. ह्यूस्टनसारख्या समुद्रसपाटीच्या गावात २१२ अंश दिसायला हवेत (पुढचे आकडेही फॅरनहाइटचेच). बर्फाच्या पाण्यात ३२.

नवा स्मोकर असेल तर आतल्या सगळ्या लोखंडाला खायच्या तेलाचा पातळ हात फिरवा आणि रिकाम्या स्मोकरमध्ये दोन-तीन तास जाळ करा. नवा तवा चुलीवर तेल लावून तापवतात त्यातलाच प्रकार. कारखान्यातलं वंगण जळून जातं आणि गंज धरत नाही.

तपासा: हा जाळ चालू असतानाच झाकणाच्या कडांवर नजर ठेवा. धूर चिमणीतून जायला हवा. झाकणाच्या फटीतून झिरपत असेल तर उष्णतारोधक पट्टी मिळते, ती चिकटवा. पातळ पत्र्याच्या स्वस्त स्मोकरमध्ये हे हमखास लागतं.

टप्पा २: लाकूड

मध्य टेक्ससमध्ये पोस्ट ओक वापरतात आणि शिकताना तेच बरं. सावकाश, एकसारखं जळतं आणि धूर सौम्य असतो. पीकान आणि हिकरीही चालतात. मेस्किट मात्र पहिल्या वर्षी नको. ते तापट लाकूड आहे, त्याचा धूर उग्र असतो आणि दहा तास लावला तर मांस कडवट होतं. महाराष्ट्रात माळावर माजलेली वेडी बाभूळ ही मेस्किटच्याच कुळातली, त्यामुळे तिकडे कोणी प्रयोग करणार असेल तर हे ध्यानात ठेवा.

लाकूड कोणतं यापेक्षा ते किती वाळलेलं आहे हे जास्त महत्त्वाचं. ओलावा १५ ते २० टक्के हवा. त्याहून ओलं असेल तर जाळाची बरीच ताकद पाणी उकळण्यात जाते आणि धूर पांढरा राहतो. फारच सुकं, भट्टीत वाळवलेलं लाकूड कागदासारखं भडकून संपतं. ते वापरता येतं, पण वीस-पंचवीस मिनिटांनी पुन्हा लाकूड घालायची तयारी ठेवा.

ओलावा मोजायचं छोटं यंत्र स्वस्तात मिळतं. मोजताना एक चूक सर्रास होते: लोक बाहेरच्या सालीवर टोकं टेकवतात. बाहेरचं अंग वाळलेलंच असतं. ढलपी मधोमध फोडा आणि आतल्या ताज्या अंगावर मोजा. यंत्र नसेल तर दोन ढलप्या एकमेकींवर आपटा. वाळलेल्या टणटण वाजतात, ओल्या ठप्प करतात. वाळलेल्या लाकडाच्या टोकाला मधून बाहेर जाणाऱ्या चिरा पडलेल्या असतात आणि साल हाताने सुटते.

आकाराकडे फार थोडे लोक लक्ष देतात. दुकानातून आणलेल्या ढलप्या शेकोटीसाठी फोडलेल्या असतात, जाड आणि सोळा इंच लांब. घरगुती स्मोकरला त्या मोठ्या पडतात. एक घातली की तापमान ३५० वर जातं, मग माणूस झडप बंद करतो आणि पुढचं सगळं बिघडतं. कुऱ्हाडीने किंवा हातोडी-पाचरीने त्या मनगटाएवढ्या जाडीच्या करून घ्या. लांबी फायरबॉक्सच्या लांबीपेक्षा चार-पाच इंच कमी हवी. दहा तासांच्या शिजवण्याला अशा वीस-पंचवीस ढलप्या फोडून ठेवा. हे काम आदल्या दिवशीच उरका, मांस आत असताना कुऱ्हाड शोधायची वेळ येऊ नये.

सावध: चीड किंवा कुठलंही राळेचं लाकूड, रंगवलेली फळी, प्लायवूड, रसायन लावलेलं बांधकामाचं लाकूड, कुठून आलं ते माहीत नसलेलं पॅलेट, यांतलं काहीही जाळू नका. त्यांचा धूर अन्नात उतरतो.

टप्पा ३: मांसाशिवाय एक दिवस

हा टप्पा सगळे गाळतात. मी तो गाळला होता आणि त्याची किंमत आठ पाउंड पोर्कने भरली. संध्याकाळी पाहुणे येणार होते. दुपारी तापमान ३२५ झालं, मी दोन्ही झडपा बंद केल्या आणि आत जाऊन आंघोळ केली. परत आलो तर चिमणीतून पिवळट धूर ओघळत होता. मांसाच्या वरच्या थराला डांबराची चव आली होती, जिभेला बधिरपणा येत होता. तो थर कापून टाकला तरी आतपर्यंत वास होता. सगळं टाकून द्यावं लागलं.

तेव्हा एक मोकळा रविवार घ्या, चार तास काढा आणि नुसता जाळ सांभाळा.

चिमणीची झडप पूर्ण उघडा. ती आजपासून कायम उघडीच. फायरबॉक्सची झडपही पूर्ण उघडा. कोळसे पेटवायच्या पत्र्याच्या नळकांड्यात कोळसे भरा, खाली कागद किंवा मेणाची वडी लावून पेटवा. वीस-पंचवीस मिनिटांत वरच्या कोळशांवर राखाडी पापुद्रा आला की ते फायरबॉक्समधल्या जाळीवर ओता. रॉकेलसारखं इंधन शिंपडू नका, त्याचा वास दिवसभर जात नाही. निखाऱ्यांवर दोन ढलप्या एकमेकींना आडव्या ठेवा, मध्ये हवा खेळेल अशा. फायरबॉक्सचं दार उघडं ठेवा. दोन्ही धडधडून पेटल्या की दार लावा.

पहिला पाऊण तास पांढरा धूर भरपूर येईल. लोखंड गार असतं, जाळ बाळसं धरत असतो. काळजी करू नका. त्या धुरात मांस मात्र नको.

आता चिमणीकडे बघायला शिका. चांगल्या धुराला जवळजवळ रंगच नसतो. उन्हात निळसर झाक दिसते, कधी नुसती हवा थरथरते, मे महिन्यात डांबरी रस्त्यावर थरथरते तशी. पांढरा, दाट, ढगासारखा धूर म्हणजे लाकूड जळत नाही, धुमसतंय. पिवळट किंवा करडा म्हणजे हवा कोंडली आहे. डोळ्याला खात्री वाटत नसेल तर ओलसर पांढरा कागदी रुमाल चिमट्यात धरून पाच सेकंद धुरात फिरवा आणि हुंगा. गोडसर, शेकोटीसारखा वास आला तर ठीक. डांबरासारखा, नाकात झोंबणारा आला किंवा रुमालावर काळे ठिपके दिसले तर तीच चव मांसाला येणार आहे.

मग ढलपी घालण्याचा ठेका बसवा. हा सराव दिवसाचा गाभा आहे:

१. पुढची ढलपी आधीच फायरबॉक्सच्या डोक्यावर ठेवून गरम करत ठेवा. गरम लाकूड टाकल्याबरोबर पेटतं, गार लाकूड पाच मिनिटं धुमसतं.

२. आतल्या ढलपीचा जाळ बसत आला, निखारे लाल आहेत आणि तापमान वरून दहा-पंधरा अंश उतरलं की नवी ढलपी घालायची. जाळ पूर्ण विझेपर्यंत थांबलात तर उशीर झाला.

३. ढलपी निखाऱ्यांवर सरळ टेकवा, पण दुसऱ्या लाकडाला पूर्ण चिकटवू नका. बोटभर फट ठेवा. एकटं लाकूड लवकर विझतं, चिकटलेली दोन धुमसतात. फटीतून जाळ चढतो.

४. दार वीतभर उघडं ठेवा आणि तिथेच उभे राहा. आधी सालीच्या कडा वळायला लागतात, मग खालच्या कोपऱ्यातून एक पिवळी जीभ वर येते, मग सगळं अंग पेटतं. मिनिट-दोन मिनिटं लागतात. तेवढ्यात चिमणीतला पांढरा धूर विरळ होतो.

५. दार लावा, वेळ लिहून ठेवा.

मनगटाएवढी ओकची ढलपी साधारण तीस ते पंचेचाळीस मिनिटं चालते. तुमच्या स्मोकरचा आकडा तुमच्या वहीत येईल, माझ्या लेखात नाही.

तापमान चढलं तर? पुढची ढलपी उशिरा घाला आणि बारीक घाला. तरीही उतरत नसेल तर थोडे निखारे फावड्याने काढून पत्र्याच्या बादलीत टाका. खालची, म्हणजे फायरबॉक्सची, झडप थोडी बंद करायला हरकत नाही, पण शिकत असेपर्यंत अर्ध्याच्या खाली नेऊ नका. तापमान पडलं तर आधी जाळीखालची राख बघा. राखेने हवा अडते, दर दोन तासांनी ती ओढून काढावी लागते. राख नसेल तर निखारे कमी पडले आहेत, पेटलेले थोडे कोळसे घाला.

काटा २५० आणि ३०० च्या मध्ये हेलकावत राहिला तरी ते उत्तम आहे. लाकडाचा जाळ श्वास घेतो. दर पाच मिनिटांनी झडपेला हात लावणाऱ्याचा जाळ कधीच स्थिर होत नाही.

तपासा: तिसऱ्या तासाला जाळीभर ब्रेडच्या स्लाइस मांडा आणि झाकण लावा. पंधरा-वीस मिनिटांनी बघा. फायरबॉक्सच्या बाजूच्या स्लाइस करपलेल्या असतील, चिमणीकडच्या नुसत्या पिवळ्या. कुठे आच जास्त आहे याचा हा नकाशा. त्याचा फोटो काढून ठेवा. मांस कुठे ठेवायचं हे यावरून ठरतं.

टप्पा ४: पहिलं मांस कोंबडीचं

हाडासकट, कातडीसकट मांड्या घ्या. स्वस्त, दीड तासाच्या आत होणाऱ्या, आणि थोड्या जास्त शिजल्या तरी कोरड्या न पडणाऱ्या. मीठ लावून रात्रभर फ्रिजमध्ये उघड्या ठेवा म्हणजे कातडी सुकेल. जाळ इथे थोडा मोठा, ३०० ते ३२५ अंशांवर. २५० वर केलेल्या कोंबडीची कातडी रबरासारखी होते, ही तक्रार मी सगळ्यात जास्त ऐकतो.

सुरक्षिततेसाठी १६५ अंश, म्हणजे ७४ सेल्सिअस, पुरेसे आहेत. मांडी मात्र १७५ ते १८५ ला चांगली लागते. सळई हाडाला टेकू देऊ नका, हाडाजवळ आकडा चुकतो. धुरामुळे शिजलेलं मांसही गुलाबी दिसतं. रंगावर जाऊ नका, थर्मामीटर सांगेल ते खरं.

दोन-तीन रविवार कोंबडीच करा. ती नीट झाली म्हणजे तुमचा जाळ नीट झाला.

टप्पा ५: पोर्क शोल्डरची आदली रात्र

पहिलं मोठं मांस ब्रिस्केट, म्हणजे गाईच्या छातीचं मांस, नको. ते बारा-पंधरा पाउंडांचं, महाग, आणि त्याची एक बाजू कोरडी तर दुसरी चरबीची असते. पोर्क शोल्डर, ज्याला इथे बॉस्टन बट म्हणतात, ते शिकाऊ हाताला सांभाळून घेतं. चरबी सगळीकडे सारखी पसरलेली असते आणि तास इकडेतिकडे झाला तरी बिघडत नाही. हाडासकट सात-आठ पाउंडांचा तुकडा घ्या. पोर्क खात नसाल तर मेंढीचा अख्खा खांदा याच पद्धतीने होतो, फक्त वेळ कमी लागतो. बकऱ्याच्या मटणात चरबी कमी, त्याचे रश्श्यासाठी केलेले तुकडे तर अजिबात ठेवू नका. तासाभरात लाकूड होतात.

वरची चरबी पाव इंच ठेवून बाकीची काढा. लोंबणारे तुकडे कापून टाका, ते करपतात. मीठ वजनावर घ्या, चमच्यावर नाही. दर किलोला दहा-बारा ग्रॅम. कोशर मिठाचा चमचा आणि आपल्या बारीक मिठाचा चमचा यांच्या वजनात जवळजवळ दुपटीचा फरक पडू शकतो. इंग्रजी पाककृतीतले चमचे तसेच मोजल्याने खारट झालेलं मांस मी खाल्लं आहे. सोबत जाडसर कुटलेली मिरी. एवढंच.

आलं-लसणाचं वाटण, दही, कांदा-लसूण मसाला लावायचा मोह होतो. मला कळतं, पण पहिल्या वेळी आवरा. ओल्या वाटणाने पृष्ठभाग तासन्‌तास ओला राहतो, खरपूस काळी साल धरत नाही आणि दहा तासांच्या धगीत लसूण करपून कडू होतो. ती चव हवीच असेल तर शिजल्यावर, हाताने तंतू तंतू सोडवलेल्या मांसावर द्या. तिथे कांदा-लसूण मसाला तुपात परतून घातलेला फार छान लागतो.

टप्पा ६: शिजवण्याचा दिवस

संध्याकाळी सातला जेवण असेल तर पहाटे साडेपाचला जाळ पेटवा, साडेसहा-पावणेसातला मांस आत. आठ पाउंडांना नऊ-दहा तास धरा आणि वर दोन तास मुरायला. लवकर झालं तर गरम राखता येतं. उशीर झाला तर पाहुणे उपाशी बसतात आणि तुम्ही मांस कच्चं काढता.

जाळ पेटवल्याबरोबर मांस ठेवू नका. क्रम असा: कोळसे, ढलप्या, पांढरा धूर जाऊ द्या, जाळीवर २५० ते २७५ अंश, म्हणजे १२० ते १३५ सेल्सिअस, अर्धा तास टिकू द्या. मगच मांस. फायरबॉक्सच्या बाजूला, जाळी आणि जाळ यांच्या मध्ये पाण्याचं पत्र्याचं भांडं ठेवा. त्याने थेट धग अडते आणि आत ओल राहते. मांस फ्रिजमधून काढून थेट ठेवा, तासभर बाहेर काढून ठेवायची गरज नाही. जाड, चरबीची बाजू फायरबॉक्सकडे.

सावध: खाली चरबी गळायच्या भोकाला बादली लावली आहे का बघा. साचलेली चरबी पेटली तर झाकण आणि झडपा बंद करून दूर व्हा. पाणी ओतू नका. आजच्या दिवसात झडपा बंद करायचं हे एकच कारण.

पहिले चार तास ठेका तोच: ढलपी, जाळ, दार, वही. झाकण उघडू नका. दर वेळी उघडलं की गोळा झालेली उष्णता निघून जाते आणि शिजायचा वेळ लांबतो. मांसावर सारखं पाणी किंवा व्हिनेगर फवारणारे लोक आहेत. चार तासांनंतर कडा सुकल्यासारख्या वाटल्या तर एकदा फवारा, एरवी राहू द्या.

टप्पा ७: काटा अडतो तेव्हा

मांस १५० ते १७० अंशांच्या मध्ये आलं की आकडा थांबतो. एक तास, दोन तास, कधी तीन. इथे लोक घाबरून जाळ वाढवतात किंवा थर्मामीटर बिघडलं म्हणतात. काही बिघडलेलं नाही. मांसाच्या पृष्ठभागावरून पाणी उडतं आणि ती वाफ मांसाला गार करत राहते, माठातलं पाणी गार होतं तसं. जेवढी उष्णता आत येते तेवढी वाफेबरोबर जाते. पाणी कमी झालं की काटा आपोआप चढतो.

थांबायचं नसेल तर गुंडाळा. पण केव्हा, ते आकड्यावर ठरवू नका, सालीवर ठरवा. नखाने हलकं खरवडा. काळपट तांबूस साल सुटून न येता घट्ट बसलेली असेल तरच गुंडाळा. मिरी नखाला लागून निघत असेल तर अजून तासभर. मेण न लावलेला गुलाबी बुचर पेपर दोन पदरी घ्या आणि घट्ट गुंडाळा. अॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये लवकर होतं, पण साल मऊ पडते. मेणकागद चालत नाही.

गुंडाळल्यावर धूर आत फारसा शिरत नाही, मुख्यतः उष्णता लागते. इथून पुढे लाकूड संपत आलं असेल किंवा तुम्ही थकला असाल तर मांस घरातल्या ओव्हनमध्ये २७५ वर ठेवा. त्यात काही कमीपणा नाही, चवीत फारसा फरक पडत नाही.

टप्पा ८: झालं की नाही

पोर्क १४५ अंशांना खायला सुरक्षित असतं, पण शोल्डर तेव्हा चामड्यासारखं असतं. त्यातला चिवट भाग विरघळून पातळ, चिकट व्हायला जास्त आच आणि मुख्य म्हणजे वेळ लागतो. म्हणून १९५ ते २०५ अंश, म्हणजे ९० ते ९६ सेल्सिअस. आकडा मात्र फक्त बघायला सुरुवात कधी करायची एवढंच सांगतो. खरी परीक्षा सळईची: चार-पाच ठिकाणी टोचा. मऊ लोण्यात जावी तशी सगळीकडे गेली पाहिजे. एका जागी अडली तर अर्धा तास आणखी. खांद्याचं चपटं हाड चिमट्यात धरून हलवा. सैल झालेलं असेल, ओढल्यावर स्वच्छ सुटून येईल.

काढल्याबरोबर सोडवू नका. कागद थोडा उघडून दहा मिनिटं वाफ जाऊ द्या, पुन्हा गुंडाळा आणि जुन्या टॉवेलात बांधून रिकाम्या कूलरमध्ये, म्हणजे बर्फ ठेवायच्या जाड झाकणाच्या पेटीत, ठेवा. किमान तास, दोन तास उत्तम. मधल्या वेळात मांस थोडं निवतं आणि रस घट्ट होतो. घाईने सोडवलं तर तोच रस ताटात वाहून जातो आणि मांस दहा मिनिटांत कोरडं पडतं.

तपासा: कूलरमध्ये मांसाचं तापमान १४० अंशांच्या, म्हणजे ६० सेल्सिअसच्या, खाली जाऊ देऊ नका. सळई आतच राहू द्या. खाली जायला लागलं तर लगेच वाढा किंवा ओव्हनमध्ये ठेवा.

मग हाताने सोडवा, चरबीचे मोठे गोळे बाजूला काढा आणि कागदात जमलेला रस वरून परत घाला. हा रस फेकून देणारे लोक आहेत, सगळी चव त्यातच असते. पावात चांगलं लागतं, ज्वारीच्या भाकरीबरोबर त्याहून चांगलं. उरलेलं दोन तासांच्या आत उथळ डब्यांत भरून फ्रिजमध्ये.

टप्पा ९: जाळ विझवणं आणि वही

आता, मांस बाहेर आल्यावर, सगळ्या झडपा बंद करा. पाणी ओतून विझवू नका, तापलेलं लोखंड तडकू शकतं आणि राखेचा चिखल गंज आणतो. दुसऱ्या दिवशी जाळी गरम करून घासा, तेलाचा हात द्या. राख झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत काढा आणि दोन दिवस ती बादली घरापासून लांब, सिमेंटवर ठेवा. राखेच्या पोटात विस्तव तासन्‌तास जिवंत राहतो. प्लास्टिकच्या कचऱ्याच्या डब्यात दुसऱ्या सकाळी ओतलेल्या राखेने डबा पेटलेला मी शेजारी पाहिला आहे.

वहीत पाच गोष्टी लिहा: वारा कसा होता, ढलप्या किती लागल्या, किती मिनिटांनी घातल्या, काटा कुठे आणि किती वेळ अडला, सळई लोण्यासारखी गेली तेव्हा आकडा काय होता.

आणि काही बिघडलं असेल तर फोन करण्याआधी वहीत हे बघा. मांस कडू असेल तर चिमणी किंवा खालची झडप केव्हा बंद होती, लाकडाचा ओलावा किती होता. बाहेरून करपलं आणि आतून चिवट असेल तर जाळीवरचं तापमान मोजलं होतं की झाकणावरचं. कोरडं आणि शिजलेलं असेल तर बहुधा मुरायला वेळ दिला नाही. कोरडं आणि चिवट असेल तर ते जास्त शिजलेलं नाही, कमी शिजलेलं आहे. आणखी तास द्यायचा होता.